दंडोबा ते गिरलिंग : कुसळी माळाच्या डोंगरांतून दिवसभर चालण्याचे नियोजन कसे करावे?

करवीरकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही कोल्हापुरातील पाच जण डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक दिवस पूर्वेकडच्या कोरड्या डोंगरांत घालवणार आहोत. मिरजेपर्यंत रेल्वेने, तेथून पंढरपूर रस्त्याने भोसे, भोशाकडून दंडोबाचा डोंगर चढून लेण्यातील महादेवाचे दर्शन आणि पुढे माथ्यामाथ्याने, जमेल तेथे उतरत-चढत गिरलिंगच्या डोंगराकडे, असा कच्चा आराखडा मनात आहे. दिवसभराचे चालणे २० किलोमीटरच्या आसपास ठेवायचे आहे.

आमच्यापैकी बहुतेकांनी पन्हाळा ते पावनखिंड ही पावसाळी वाट पायाखाली घातली आहे आणि राधानगरी, गगनबावड्याकडेही आमचे जाणे-येणे असते. मात्र ते सर्व चालणे झाडीतले, चिखलातले आणि पाण्याच्या सान्निध्यातले आहे. झाड नसलेल्या, गुडघाभर वाळलेल्या गवताच्या डोंगरावर सलग आठ-नऊ तास काढण्याचा अनुभव कोणालाच नाही. आमच्यातील एक काका ६२ वर्षांचे आहेत. ते चैत्रात जोतिबाला पायी जातात, त्यामुळे चढणीची चिंता नाही, पण उन्हाची आहे. पाणी किती न्यावे, वाट कशी धरावी आणि आराखड्यात काय बदलावे, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पूर्वभाग

आपण डिसेंबर निवडला हे उत्तम केले, कारण फेब्रुवारीच्या अखेरीनंतर हा बेत मी कोणालाही सुचवला नसता. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात तो हजाराच्या आसपास उतरतो आणि मिरजेच्या पूर्वेला, कवठेमहांकाळच्या बाजूला, त्याच्याही जवळपास निम्म्यावर येतो. सह्याद्रीच्या पाऊसछायेतील या डोंगरांवर मातीचा थर पातळ आहे आणि खाली काळा पाषाण आहे, त्यामुळे पावसाचे पाणी मुरून राहत नाही आणि डिसेंबरात ओहोळ कोरडे असतात. वाटेत पाणी मिळेल, हा पश्चिम भागातील डोंगरांनी आपल्याला लावलेला विश्वास येथे पूर्णपणे बाजूला ठेवावा. माणशी चार लिटर पाणी सकाळी खांद्यावर असलेच पाहिजे. चार लिटर म्हणजे चार किलो, म्हणून बाकीचे सामान निर्दयपणे कमी करावे. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि ओआरएसच्या पुड्या एवढे पुरते. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने अर्ध्या बाटलीत टाकण्याची सवय अनेकांना असते, पण त्यामुळे क्षारांचे प्रमाण बिघडते. डिसेंबरात हवा गार लागते आणि घाम कोरड्या वाऱ्यात लगेच उडून जातो, त्यामुळे तहान उशिरा जाणवते. काकांना दर अर्ध्या तासाने, तहान असो वा नसो, चार घोट पाणी घेण्यास सांगावे.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी मांडलेला ठोकताळा असा, की सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर धरावेत आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त द्यावा. गवताखाली दगड दडलेल्या आपल्या माळावर मी ताशी तीन किलोमीटरच धरतो. २० किलोमीटरला जवळजवळ सात तास झाले, त्यात जेवण, विश्रांती आणि वाट शोधणे यांचे दोन तास मिळवले, म्हणजे नऊ तास होतात. त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हाती केवळ दोन तासांची मोकळीक उरते आणि तीही पहाटे डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलात तरच.

याच कारणाने मी आपला आराखडा उलटा करीन. भोशाकडून सुरुवात केलीत, तर या संपूर्ण वाटेवरील सर्वांत चांगली सावली, म्हणजे दंडोबाचे लेणे, तुम्ही सकाळच्या गारव्यातच मागे टाकाल आणि भर दुपारी उघड्या माथ्यावर असाल. शिवाय संध्याकाळी थकलेले पाय घेऊन आडगावात उतराल, जेथे वाहन मिळण्याची खात्री नाही. त्याऐवजी आदल्या दिवशीच गाडी ठरवून पहाटे कुकटोळीकडून गिरलिंगच्या पायथ्याशी उतरावे, लांबचा उघडा टप्पा सकाळीच चालून काढावा आणि दुपारच्या उन्हाला लेण्यात येऊन थांबावे. तेथून भोसे ही नुसती उतरणीची गोष्ट आहे आणि भोसे मोठ्या रस्त्यावर असल्याने परतीची चिंता राहत नाही. साडेबारापर्यंत निम्मी वाट झाली नसेल, तर जवळचे गाव पाहून खाली उतरायचे, हे घरूनच ठरवून निघावे. डोंगरावर पोहोचल्यावर असा निर्णय घेणे फार जड जाते.

गायरान

वरील सूचनेशी मी सहमत आहे. त्यात वाट आणि गवत यांविषयी थोडी भर घालतो.

झाडीच्या डोंगरात वाट एकच असते आणि ती चुकली की लगेच कळते. माळाच्या डोंगरावर मात्र शेकडो वाटा दिसतात आणि त्यांतील बहुतेक मेंढरांच्या असतात. मेंढरे चरत चरत उताराला आडवी सरकतात, त्यामुळे या वाटा डोंगराच्या अंगाने समांतर जातात आणि मध्येच विरतात. अशा वाटेने गेल्यास माणूस नकळत बाजूच्या घळीत उतरतो. सरळ सोंडेचा माथा धरावा आणि पुढची खूण डोळ्यांसमोर ठेवावी. वनविभागाने वणवा अडवण्यासाठी काढलेल्या जाळरेषा जेथे असतील, तेथे त्यांवरून चालणे सोपे जाते. नकाशा मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा, कारण घळीत संपर्क तुटतो. डोंगराचा जो भाग वनविभागाच्या ताब्यात आहे, तेथे जाण्याबाबत संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

डिसेंबरात कुसळी, म्हणजे या माळावरचे टोकदार बियांचे गवत, पिकलेली असते. तिच्या बियेला लांब पिळदार शेपटी असते. ओलावा आणि कोरडेपणा यांच्या फरकाने ती शेपटी पीळ घेते आणि सोडते, आणि त्या हालचालीने टोकदार बी जमिनीत रुतते. तीच क्रिया लोकरी मोज्यात झाली, की बी घोट्यात शिरते. म्हणून गुळगुळीत कापडाची जाड, पूर्ण लांबीची विजार घालावी आणि मोज्यांवर गेटर (बुटाच्या वर पोटरीला बांधायचे आवरण) किंवा निदान जुन्या छत्रीचे कापड घट्ट बांधावे.

एक गोष्ट मला विशेष आग्रहाने सांगायची आहे. ज्या डोंगराला आपण बाहेरचे लोक ओसाड म्हणतो, तो गावाच्या दृष्टीने गुरांचा वर्षाचा चारा असतो. राखलेले, न कापलेले कुरण दिसल्यास पाचही जणांनी त्यातून ओळीने जाण्याऐवजी कडेने जावे. चूल, शेकोटी, बिडी-सिगारेट यांना पूर्ण मज्जाव असावा. या दिवसांत वाऱ्यावर पेटलेले गवत पाच माणसांना विझवता येत नाही आणि वनक्षेत्रात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हाही आहे. धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह पडलेला तळ, बसलेला असेल, तर लांबूनच हाक द्यावी आणि कुत्री आवरल्याशिवाय जवळ जाऊ नये. कुत्री धावून आलीच, तर पळू नये, जागेवर उभे राहावे. मेंढपाळांशी आपुलकीने बोलावे, वाटेची आणि पाण्याची त्यांच्याइतकी खात्रीची माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते. थंडीत उत्तरेकडून आलेले भोवत्या ससाणे संध्याकाळी गवतातच जमिनीवर रात्रीपुरते उतरतात, तेव्हा दिवस मावळण्यापूर्वी माळ मोकळा करणे त्यांच्याही सोयीचे आहे.

करवीरकर

आपण दोघांनी वेळ काढून एवढे सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दिशा उलटी करण्याचे आम्ही निश्चित केले आहे. आमच्या एका मित्राने दुपारी भोशाकडून लेण्यापर्यंत येऊन दहा लिटर पाणी पोहोचवण्याचे कबूल केले आहे, तरीही प्रत्येकाचे चार लिटर आम्ही सकाळी सोबत घेऊच. एक शंका उरते. या भागात फुरसे असते असे ऐकतो. सर्पदंश झाल्यास डोंगरावर नेमके काय करावे?

पूर्वभाग

फुरसे लहान असते, दगडांच्या रंगात मिसळून जाते आणि सकाळच्या उन्हात दगडाशेजारी पडून राहते. पुढच्या माणसाने काठीने गवत हलवत चालावे. बसण्यापूर्वी दगड पाहून घ्यावा आणि हात न दिसणाऱ्या कपारीत घालू नये. घोट्याच्या वर येणारा बूट आणि जाड विजार यांनी बराच बचाव होतो.

दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे, दंश झालेला अवयव हलणार नाही असा आधार द्यावा आणि त्या माणसाला चालू न देता उचलून खाली न्यावे. त्याच वेळी १०८ वर दूरध्वनी करावा. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, थेट तेथेच जावे. माणूस उचलून न्यायचा, तर चौघे लागतात, म्हणून आपल्या गटातील कोणी आयत्या वेळी गळाले तर वाट निम्मी करावी आणि केवळ भोसे, दंडोबा व खरशिंगची बाजू एवढेच फिरून यावे. निघण्यापूर्वी उतरण्याच्या गावांची नावे आणि परतण्याची वेळ घरी लिहून ठेवावी. पाणी घेऊन येणाऱ्या मित्रालाही सांगून ठेवावे, की तीनपर्यंत तुम्ही लेण्यात पोहोचला नाहीत, तर त्याने एकट्याने माथ्यावर शोधत न फिरता भोशात उतरून गावातील माणसे सोबत घ्यावीत.