मदत हवी आहे: धावण्याआधी पोरीला काय खाऊ घालावं?

नमस्कार मंडळी. मुलगी सोळा वर्षांची, ५००० मीटर धावते. सकाळी मानकापूरच्या क्रीडा संकुलात सराव असतो. धावण्याच्या पाऊण तास आधी दोन केळी आणि गोड चहा घेते. पहिल्या फेऱ्यांमध्येच हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, मग आपोआप बरं वाटतं. हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखर तपासून झाली, दोन्ही ठीक.

मी वाचलं ते असं: गोड खाल्लं की इन्सुलिन वाढतं, आणि धावताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढतात. दोन्ही एकाच वेळी झालं की काहींची साखर घसरते. मग ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन या साखर वाढवणाऱ्या संप्रेरकांमुळे यकृत साखर सोडतं. लक्षणं तर तंतोतंत जुळतात.

तिचे प्रशिक्षक म्हणतात, भात-पोळी बंद करा, अंडी-पनीर द्या. प्रथिनांनी इन्सुलिनसोबत ग्लुकागॉनही वाढतं, त्यामुळे साखर फारशी हलत नाही, हे पटतं. पण एवढं धावणाऱ्या पोरीचं पिष्टमय खाणं तोडलं तर कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) वाढायचं, पाळी बिघडायची, ही मला धास्ती आहे. (तर्री-पोहे तर ती सोडणारच नाही बाप्पा!)

केळी दोन तास आधी द्यावी, की अगदी धावण्याच्या तोंडावर? सोबत उकडलेलं अंडं चालेल का, की पोट जड होईल? कोणाच्या मुलांना असं झालंय का? नागपुरात खेळाडूंचा आहार बघणारे तज्ज्ञ माहीत असतील तर सुचवा. पावडरचे डबे विकणाऱ्यांनी कृपया मेसेज करू नये.