अनुभव सांगा: कुत्र्याचं पिल्लू, मांजराचं पिल्लू आणि मध्ये आपण

घरात तीन महिन्यांचा कुत्रा आणि अडीच महिन्यांची माऊ. दिवसभर लुटुपुटूची मारामारी. तो तिची मानगूट तोंडात धरतो, ती उताणी पडून मागच्या पायांनी त्याचं पोट खरवडते. मी ओरडत धावते, तर दोघं माझ्याकडेच 'हिला काय झालं?' असं बघतात. मस्ती कुठे संपते आणि भांडण कुठे सुरू होतं, हे तुम्ही कसं ओळखलंत? सल्ले नकोत, अनुभव लिहा. (बरं, सल्लेही चालतील.)

*

दंगा वाढला की आम्ही कुत्र्याला धरून ठेवायचो आणि मांजरीकडे बघायचो. सुटल्यासुटल्या ती कपाटाखाली शिरली तर खेळ बंद. परत येऊन त्याच्याच नाकावर टपली मारली तर सोडायचं. बहुतेक वेळा यायची परत! कान मागे पाडून फिस्कारली, तर मात्र धरून बघायचीही गरज नाही, खेळ बंदच.

*

'त्यांचं ते बघून घेतील' हे आमच्या घरातलं लाडकं वाक्य. एका रविवारी कुत्र्याचं पिल्लू एक डोळा मिटून बसलं, पाणी गळत होतं. उद्या बघू म्हटलं. सोमवारी डॉक्टरांनी डोळ्यात केशरी थेंब घालून निळ्या उजेडात पाहिलं, तर बुबुळावर हिरवा ओरखडा चमकला. नखाचाच. मग दिवसातून चारदा औषध आणि गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं. रविवारीच जायला हवं होतं, हे अजून खातं. आता माऊच्या नखांची फक्त टोकं कापतो, आतला गुलाबी भाग सोडून.

*

उंच जागा द्या मांजराला. बाकी सगळं नंतर.

*

आमची कुत्री मोठ्या जातीची. आली तेव्हा दोघींच्या वजनात फार फरक नव्हता, म्हणून निर्धास्त होतो. पाहता पाहता ती बारा किलोची झाली, मांजर दोन किलोही नाही. खेळ तोच, पण हिने लाडाने पंजा ठेवला तरी ती जमिनीला चिकटायची. धसमुसळेपणा वाढला नव्हता, अंग वाढलं होतं. तेव्हापासून खेळताना कुत्रीला घरातही हलका पट्टा असतो. उड्या सुरू झाल्या की पट्ट्यावर पाय, शांत बसली की खाऊ. आम्ही नसताना दोघी वेगळ्या खोल्यांत.

*

आमच्या पिल्लाच्या दिवेलागणीला अंगात यायचं. ताकद उतू चाललीय समजून आम्ही आणखी पळवायचो, मग ते आणखी कडकडून चावायचं. खरं तर झोप अपुरी होती. या वयात दिवसाचे 18 ते 20 तास झोपतात ही मंडळी. दुपारी बंद खोलीत झोपवायला लागलो आणि माऊ सुटली.

*

सगळे कुत्र्यालाच बोलताय! आमच्याकडे दाराआड दबा धरून बसणारी मांजर आहे. तो शेपूट हलवतो ती मैत्रीची, ही आपटते ती वैतागाची. बिचाऱ्याला ते कळायला दोन ओरखडे लागले.

*

सगळ्यांचं वाचून काल धरून बघायचा प्रयोग केला. तीनदा परत आली. चौथ्यांदा सरळ फ्रिजवर. तो खाली बसून अर्धा तास वर बघत होता, मग तिथेच झोपला.