टेक्ससमधली थंडी आणि वीज: लेक डॅलसला आहे, काय तयारी ठेवायला सांगू?

नीलमोहर:
लेक ऑगस्टपासून डॅलसला शिकायला आहे, तिघी मिळून अपार्टमेंटमध्ये राहतात. 2021 च्या फेब्रुवारीत तिथे लाखो घरं अंधारात होती हे आत्ता वाचलं आणि जिवाला घोर लागला. ती म्हणते, "आई, इथे उन्हाळ्याचीच भीती जास्त!" मिनेसोटात तर याहून कितीतरी बर्फ पडतो, तिथे असं होत नाही ना? मग टेक्ससमध्येच का? कॅम्पिंगची छोटी गॅस शेगडी घेऊन ठेव म्हणून सांगू का?

ऑस्टिनची_मावशी:
घरात पेटवायला म्हणून शेगडी नको. बाकीचं नंतर. त्या आठवड्यात लोकांनी घरात कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून आत बसले. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. बॅटरीवर चालणारा त्याचा अलार्म घरात आहे का, हे लेकीला आजच बघायला सांगा.

मी तेव्हा ऑस्टिनमध्येच होते. आमच्या इमारतीत हीटिंग, चूल, गरम पाणी सगळं विजेवर. वीज आलटूनपालटून जाईल असं सांगितलं होतं, पण ज्यांची गेली त्यांची गेलीच. हॉस्पिटलं ज्या लाइनवर होती त्या बंद करता येत नव्हत्या, म्हणून सगळा भार उरलेल्या वस्त्यांवर पडला. आम्ही घरात कोट घालून बसलेलो, आणि खिडकीतून डाउनटाउनच्या रिकाम्या ऑफिसांचे दिवे दिसत होते. त्याचा राग अजून जात नाही. सरकारी आकडा 246 मृत्यूंचा आहे, आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश थंडीने गेले.

त्यामुळे ब्लँकेटं, टॉर्च, पॉवरबँक, न शिजवता खाता येईल असं खाणं हवंच. वीज गेली की तिघींनी एकाच खोलीत झोपायचं, दाराच्या फटीला टॉवेल लावायचा.

तारयंत्र:
"इथेच का" याचं उत्तर देतो. टेक्ससचं ग्रिड, म्हणजे वीजपुरवठ्याचं जाळं, जवळपास स्वतंत्र आहे, शेजारच्या राज्यांतून फार थोडी वीज घेता येते. त्यात गॅसच्या विहिरी आणि पाइपलाइन गोठल्या, म्हणून वीजकेंद्रांना गॅस कमी पडला. वीज तोडली तेव्हा गॅस पुढे ढकलणाऱ्या काही कंप्रेसरांचीही तुटली, म्हणून गॅस आणखी घटला. पवनचक्क्याही गोठल्या, पण सगळं खापर त्यांच्यावर फोडणं हे राजकारण. मिनेसोटातली यंत्रं थंडी धरून बांधलेली असतात. इथे 2011 च्या थंडीनंतर तसा सल्ला मिळालाच होता, सक्ती मात्र 2021 नंतरच्या कायद्याने आली.

15 फेब्रुवारीच्या पहाटे विजेची फ्रीक्वेन्सी (मागणीपुढे पुरवठा कमी पडला की ती घसरते) 60 वरून 59.4 हर्ट्झच्या खाली गेली होती. तिथे नऊ मिनिटं राहिली असती तर केंद्रं आपोआप बंद पडत गेली असती आणि अख्खं ग्रिड बसलं असतं. ते पुन्हा उभं करायला आठवडे लागू शकले असते. चार मिनिटांवर निभावलं.

नीलमोहर:
बाप रे. हीटर गॅसवरचा असेल तर चालतो ना?

ऑस्टिनची_मावशी:
नाही हो, त्याचा पंखा विजेवर असतो. गरम हवा घरभर फिरवणार कोण?

आणि पाण्याचं विसरू नका. थंडीचा इशारा आला की पाइप गोठून फुटू नयेत म्हणून नळ बारीक धारेने चालू ठेवायचे, सिंकखालचं कपाट उघडं ठेवायचं, बाथटब भरून ठेवायचा. आमच्याकडे वीज आली तेव्हा पाणी गेलं, मग आलं ते उकळून प्या म्हणून. टॉयलेटसाठी आम्ही बाहेरचा बर्फ बादलीत आणून वितळवला. पाइप फुटला तर मुख्य वॉल्व्ह कुठे आहे, हे मॅनेजरला आत्ताच विचारून ठेवायला सांगा. फुटल्यावर तो फोन उचलत नाही.

डॅलसकर:
आता बरीच केंद्रं थंडीसाठी तयार केली आहेत, उगाच झोप उडवून घेऊ नका. घाऊक बाजारभावाने वीजबिल लावणाऱ्या घरगुती योजनांवरही बंदी आली. तेव्हा त्या योजनेतल्या लोकांना हजारो डॉलरची बिलं आली होती. लेकीचा माझ्याच भागात फ्लॅट असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, जास्तीचा अलार्म पडून आहे.