मदत हवी आहे: नंदाखाल चर्चचा १७३९ आधीचा इतिहास

नमस्कार मंडळी. वसईतल्या नंदाखालच्या पवित्र आत्मा चर्चचा इतिहास आमच्या पॅरिशच्या स्मरणिकेसाठी लिहितोय. स्थापनेचं साल १५७३ आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेही सगळ्यांना पाठ आहे. मधली दीडशे-पावणेदोनशे वर्षं मात्र कोरी!

आमची आजी म्हणायची, "घंटा मराठ्यांनी नेली." यात तथ्य असावं. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली मोठी घंटा वसईच्या लुटीतली आणि तिच्यावर १७२१ हे सालही आहे. पण कुठली घंटा कुठल्या चर्चची, हे ठरवायचं कसं? घंटांवरच्या पोर्तुगीज अक्षरांचे ठसे किंवा जवळून काढलेले फोटो कुणाकडे आहेत का?

दुसरं म्हणजे कागदपत्रं. पणजीच्या पुराभिलेखागारात वसई प्रांताचे कागद कुणी पाहिलेत का? अर्ज कसा करायचा, फोटो काढू देतात का? आणि पेशवे दफ्तरात चर्चच्या इनाम जमिनींच्या नोंदी सापडतील का? मोडी मला येते, पोर्तुगीज मात्र अजिबात नाही. जुनं हस्ताक्षर लावून देणारं कुणी असेल तर कृपया मेसेज करा. ऐकीव गोष्टीही चालतील, फक्त कुणाकडून ऐकलंत तेवढं सांगा.