मदत हवी आहे: लातूरच्या १९९६ च्या घराचे नूतनीकरण, ओपन किचनसाठी भिंत काढावी का?

नमस्कार. लातूर शहरात आमचे १९९६ साली बांधलेले, सुमारे ११०० चौरस फुटांचे एकमजली घर आहे आणि दिवाळीनंतर त्याचे आतून नूतनीकरण करण्याचे ठरले आहे. घरात आम्ही दोघे, दहावीतली मुलगी आणि गुडघ्यांचा त्रास असलेली ७४ वर्षांची आई, असे चौघे असतो. ज्या इंटिरिअर डिझायनरकडून खर्चाचा अंदाज घेतला, त्यांनी येत्या काही वर्षांत घराघरांत काय दिसणार आहे, याची चित्रे दाखवली. मातकट रंग, चुन्याच्या गिलाव्यासारख्या भिंती, उभ्या खाचांचे फ्लुटेड पॅनल, गोलाकार कडांचे फर्निचर, चार बाय दोनच्या मोठ्या टाइल्स, मॅट काळे नळ आणि बैठकीला जोडलेले ओपन किचन असे सगळे त्यांत होते. चित्रे सुंदर होती, यात वाद नाही. पण ती पाहिल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही, आणि त्याचे कारण ओपन किचन आहे.

आमचे घर आरसीसी फ्रेमचे, म्हणजे काँक्रीटच्या खांब-तुळयांवर उभे राहिलेले नाही. नऊ इंची विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा औसा तालुक्यातले आमचे माळवदाचे घर पडले. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावर फूट-दोन फूट मातीचे ओझे, यांखाली माणसे झोपेतच दबली, हे वडिलांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून लातुरात हे घर बांधताना त्यांनी जोत्याच्या आणि दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर, सगळ्या भिंतींतून सलग फिरणारे काँक्रीटचे पट्टे घालून घेतले. पैसे इतके अपुरे होते की आतला गिलावा दोन वर्षे राहून गेला, पण पट्टे त्यांनी सोडले नाहीत. आता बैठक आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत काढायची म्हणजे वरचा पट्टा मधोमध कापावा लागणार. डिझायनर म्हणतात, लोखंडी गर्डर टाकला की प्रश्न मिटतो. खरोखर मिटतो का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. कृपया अनुभवी मंडळींनी यावर सविस्तर लिहावे.

भिंतीचा प्रश्न सोडला तरी, मिरचीच्या फोडणीचा खकाणा थेट बैठकीत येणार आणि मुलगी तिथेच अभ्यासाला बसते, ही अडचण आहेच. चिमणी बसवूनही ठेचा भाजताना कितपत फरक पडतो, हे ज्यांच्याकडे असे स्वयंपाकघर आहे त्यांनी सांगावे.

बाकीच्या शंका लहान आहेत. आमच्याकडे वर्षातले बरेच महिने बोअरचे पाणी वापरावे लागते आणि त्यातल्या क्षारांनी स्टीलच्या नळांवरही पांढरे थर बसतात. काळ्या नळांचे काय होईल? उन्हाळ्यातली धूळ फ्लुटेड पॅनलच्या खाचांतून रोज कोण काढणार? काळ्या जमिनीतून वर चढणारी वाळवी आम्ही एकदा अनुभवली आहे, त्यामुळे ओट्याखालच्या कपाटांना कोणते प्लायवूड घ्यावे? आणि मे महिन्यात स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो, तर फॉल्स सीलिंगने तो त्रास कमी होतो, की नुसती उंची जाते? आमच्या खोल्या दहा फुटी आहेत.

आईच्या न्हाणीघराचे मात्र ठरले आहे: उंबरठा काढायचा, खडबडीत फरशी लावायची आणि आधाराच्या दांड्या बसवायच्या.

प्रतिसाद (नांदेडहून)

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, म्हणून आधी भिंतीविषयी लिहितो. आपल्या वडिलांनी घातलेला पट्टा कंबरपट्ट्यासारखा सगळ्या भिंतींना एकत्र बांधून ठेवतो. गर्डर स्लॅबचे वजन पेलतो. परंतु जमीन आडवी हलते तेव्हा भिंती एकमेकींपासून सुटू नयेत, हे पट्ट्याचे काम तो आपोआप करत नाही. शिवाय ती भिंत स्वतःच्या लांबीच्या दिशेने बसणारे हादरे सोसत असते, ती ताकदही जाते. किल्लारीपूर्वी हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात धरला जात असे. नंतर, २००२ च्या नकाशात, लातूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात घेतले गेले. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरने घर पाहून लेखी नकाशा दिल्याशिवाय एकही वीट काढू देऊ नये. माझे मत विचाराल तर पट्टा अखंड ठेवून त्याच्या खाली, कोपऱ्यांपासून दूर, मर्यादित रुंदीचे मोकळे दार काढता येईल का, हे त्यांना विचारावे. त्याला काचेची सरकती दारे लावली तर उजेडही येईल आणि फोडणीच्या वेळी ती ओढून घेता येतील.

ओट्याखाली आयएस ७१० शिक्क्याचे, म्हणजे ओलाव्यात टिकणारे मरीन प्लायवूड घ्यावे, पण त्याआधी जमिनीला आणि भिंतींच्या बुडाला वाळवीचे औषध टोचून घ्यावे, कारण नुसते चांगले लाकूड वाळवीला कायमचे अडवत नाही. काळे नळ आपल्याकडच्या पाण्यात टाळावेत. उष्णतेसाठी फॉल्स सीलिंगच्या आधी गच्चीवर खर्च करावा: तडे बुजवून, ओल थांबवून वर ऊन परतवणारा पांढरा लेप द्यावा. पूर्वी चुना देत, त्याचेच हे टिकाऊ रूप आहे. सीलिंग हवेच असेल तर कडेने अरुंद पट्टी करावी आणि पंख्याभोवतीची उंची तशीच ठेवावी.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. आपला प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला. आईने फक्त एवढेच विचारले की दार काढले तरी पट्टा तसाच राहील ना. फ्लुटेड पॅनल आणि काळे नळ यादीतून काढले आहेत, मातकट रंग सर्वांनाच आवडले आहेत, आणि येत्या रविवारी स्ट्रक्चरल इंजिनिअर घर पाहायला येणार आहेत. एक शंका उरते: बैठकीच्या एका भिंतीला चुन्याचा खरा गिलावा करून घ्यायचा आहे, पण तिच्यावर १९९८ चा सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइल पेंटचे थर आहेत. तो गिलावा विटांपर्यंत काढावा लागेल, की वरचा रंग खरवडून छिन्नीने टाचे (बारीक खाचा) मारले तरी चुना धरेल? लातूर किंवा धाराशिवकडे हे काम हाताने करणारे जुने गवंडी कोणाच्या माहितीत असतील, तर कृपया कळवावे.