अपघातानंतरचे पहिले चोवीस तास: गावाकडचे अनुभव लिहा

मागल्या दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, माझ्या चुलतभावाची गाडी रात्री साडेआठच्या सुमारास कापसाच्या ट्रॉलीवर मागून धडकली. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रेडियम. जागा दारव्ह्याच्या अलीकडे, आमच्या गावापासून सात किलोमीटर. मी पोचलो तोवर लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं होतं, पुलाच्या कठड्यावर बसवून हातात पाण्याचा गडवा दिला होता. कपाळावर टेंगूळ, बाकी रक्ताचा थेंब नाही. "मले काई नाई झालं, गाडीचं पाय आधी," म्हणत होता. ट्रॅक्टरवाला शेजारच्या गावचा, ओळखीचा. चार म्हातारी माणसं जमली. "कायले पोलिसात जाता बाप्पा, आपसात मिटवून टाका." मिटवलं. बोनेटचे दहा हजार ठरले आणि आम्ही घरी आलो.

रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या उलटीनंतर तो मला ओळखेना. आधी यवतमाळ, तिथून नागपूर. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं, भाऊ वाचला. डाव्या हातात अजून जोर नाही, सदऱ्याची बटणं वहिनी लावून देते.

दुसरी चूक आम्ही दवाखान्याच्या खिडकीवर केली. "कसं लागलं?" विचारलं तेव्हा घाबरून "घरी पायरीवरून पडला" सांगितलं. तेच केसपेपरवर चढलं. नंतर विमा असो, ठाणं असो की कोर्ट, तो एक कागद सगळीकडे आडवा आला. एफआयआर व्हायला एकोणीस दिवस लागले.

म्हणून हा धागा. तुमच्यावर वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलं, काय राहून गेलं, ते लिहा. ऐकीव सल्ले नकोत.

परिचारिका, ग्रामीण रुग्णालय, वाशीम जिल्हा

दादा, तुमच्या भावासारखे पेशंट मी दर हंगामात पाहते. डोक्याला मार लागलेला माणूस तास-दोन तास अगदी नीट बोलतो, चालतो, आणि मग एकदम खाली जातो. म्हणून रक्त नाही या एका गोष्टीवर घरी नेऊ नका. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, जास्तीची झोप, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, कानातून किंवा नाकातून पातळ पाणी येणं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निघा. पहिले चोवीस तास कोणीतरी जागं राहून त्याला दर थोड्या वेळाने उठवून बोलतं करायचं.

आणि पाणी देऊ नका. आपल्याकडे पडलेल्या माणसाला पहिलं पाणी पाजतात, माया असते म्हणूनच पाजतात. पण शुद्ध गेली की ते पाणी श्वासनलिकेत उतरतं, शिवाय ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं असतं. मानेला मार वाटत असेल तर हात धरून ओढू नका. गाडीला आग किंवा मागून धडक बसण्याचा धोका नसेल तर 108 ची गाडी येईपर्यंत डोकं-मान एका रेषेत धरून तिथेच ठेवा.

मागच्या वर्षी एका मुलीने अनोळखी माणसाची मांडी स्वतःच्या ओढणीने पंचवीस मिनिटं दाबून धरली होती. आमच्याकडे आणलं तेव्हा ओढणी पूर्ण भिजलेली, तिची बोटं आखडून गेलेली, तरी सोडायला तयार नव्हती. तो माणूस त्या दाबामुळे वाचला. घडी जाड करा, जोराने दाबा, आणि थांबलं का ते बघायला सारखं उचलू नका. भिजलं तर वरून दुसरं कापड ठेवा. हळद, चहापत्ती काही भरू नका.

एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे दवाखान्यातली पोलिसांसाठीची नोंद) म्हणजे तुमच्यावरची केस नव्हे. अपघात म्हणून सांगितलं की डॉक्टर ती नोंद करतात, पोलिसांना कळवतात, आणि जखम कशी झाली याचा पहिला सरकारी कागद तयार होतो. खिडकीवर खरं सांगा.

किराणा दुकान, पांढरकवड्याजवळ

आमचं दुकान नागपूर-हैदराबाद रस्त्याला लागून, 44 नंबरच्या हायवेवर. अपघात झाला की आवाज आम्हालाच पहिला येतो. पूर्वी मी शटर अर्धं ओढून आत बसायचो, हे लिहिताना वाईट वाटतं. भीती एकच, पोलीस साक्षीला बोलावतील, कोर्टाच्या चकरा लागतील.

आता जातो. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही म्हणून नियम पक्के केले, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ कलम आलं. दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, त्याला पैसे मागता येत नाहीत, थांबवून ठेवता येत नाही. मी आजवर तीन जणांना नेलं. एकदाच नाव दिलं, तेही माझ्या मर्जीने.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 वर फोन करा, बाकी कुठेही 112 आणि 108. जागा सांगताना किलोमीटरचा दगड वाचून सांगा. "त्या बाभळीजवळ" म्हटलं की गाडी शोधत फिरते.

एक अजून. बंद पडलेल्या ट्रकमागे लोक फांद्या आणि दगड ठेवतात. ट्रक निघून जातो, दगड तसेच राहतात, आणि रात्री त्यावर मोटारसायकल जाते. गाडी हलवाल तेव्हा दगडही उचला.

शेतकरी महिला, मेहकर तालुका

माझे यजमान मोटारसायकलवर होते. कारने उडवलं आणि ती कार थांबली नाही. नंबर कोणी पाहिला नाही. सगळे म्हणाले, गाडीच सापडली नाही तर कोणाकडे मागणार? मीही तसंच समजून बसले.

तेराव्यानंतर गावातल्या तलाठी भाऊंनी सांगितलं की अज्ञात वाहनाचीसुद्धा भरपाई असते. 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. अर्ज महसूल खात्याकडे, आम्ही तहसीलमधून केला. त्यासाठी एफआयआरमध्ये "अज्ञात वाहन" असं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि शवविच्छेदनाचा अहवाल हवा. माझ्या दिरांनी त्याच दिवशी फिर्याद दिली होती, म्हणून निभावलं.

सातबारा यजमानांच्या नावे होता, त्यामुळे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही बसत होतो. तिथेही मृत्यूला 2 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे 30 दिवसांत द्यायचा असतो. तेरावा झाला तेव्हा माझ्या हातात सतरा दिवस उरले होते. दुःखात दिवस मोजायचे कसे, हे मला विचारू नका, पण बहिणींनो, मोजा. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हे काम सोपवा.

चांदूर बाजार

पहाटे रोही (नीलगाय) आडवा आला. समोरचा भाग गेला, आम्ही शाबूत. मी काय चुकलो ते सांगतो: गाडी सुरू होती म्हणून बारा किलोमीटर चालवत आणली. रेडिएटर फुटलेलं, इंजिन तापून जाम झालं. समोरच्या भागाचं विम्याने दिलं, इंजिनचं नाकारलं, कारण ते नुकसान धडकेने नाही, नंतर चालवल्याने झालं. खाली हिरवं पाणी गळताना दिसलं की चावी काढा आणि टोचन करून आणा. विम्याचा सर्वेअर पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला नटही सोडू देऊ नका. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर रोह्याच्या धडकेत गाडीचा एक रुपया मिळत नाही. माझ्या मेव्हण्याला मिळाला नाही.

तालुका न्यायालयात वकिलाकडे कारकून, अकोला जिल्हा

धागाकर्त्यांना: दावा दाखल केलात का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालचा नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा, अशी मुदत कायद्यात आहे. लोक जखम पूर्ण बरी होण्याची वाट पाहतात आणि तारीख निघून जाते.

मिटवायला माझा विरोध नाही. गावात राहायचं असतं, उद्या त्याच माणसाच्या बांधावरून पाणी आणायचं असतं. पण आधी ठाण्यात नोंद करा, मग बसून बोला. शंभराच्या स्टॅम्पवर "यापुढे कोणतीही तक्रार नाही" असं लिहून देऊन पाच हजार घेतलेला माणूस मी पाहिला आहे. महिन्याने त्याच्या खुब्याचं हाड मोडलेलं निघालं.

गाड्या हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. एक दुरून, ज्यात दोन्ही गाड्या, रस्त्याची कड आणि ब्रेकच्या खुणा येतील. एक नंबर प्लेटचा. ट्रॉली असेल तर तिच्या मागच्या बाजूचा नक्की, कारण सकाळपर्यंत तिला नवा कोरा रेडियम लागलेला असतो.

ट्रॉलीत वऱ्हाडी बसवून नेऊ नका हो. शेतीकामाच्या विम्यात ती माणसं धरत नाहीत. आमच्याकडे एका नवरदेवाच्या बापावर भरपाईपायी तीन एकर विकायची पाळी आली.

वर्धा जिल्हा

खर्चाचं कोणी लिहिलं नाही. मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. रस्ते अपघातातल्या माणसाला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता. अपघाताची पोलिसांकडून खातरजमा लागते. 112 वर फोन केलात तर जवळचं नेमलेलं रुग्णालय विचारून घ्या, मग गाडी वळवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. कारकून भाऊ, अर्ज पाचव्या महिन्यात लागला. नागपूरच्या सर्जनने फाइलमध्ये "वाहन अपघात" लिहिलं होतं, त्यावर थोडंफार सावरलं. पायरीवाल्या केसपेपरचं उत्तर मात्र अजून द्यायचं आहे, पुढची तारीख पोळ्यानंतर.

फोटोचं वाचून भावाला विचारलं, त्या रात्री कोणी काढला होता का. त्याला आठवत नाही. पण ट्रॅक्टरवाल्याचा मुलगा परवा स्वतः घरी आला. त्याच्या मोबाइलमध्ये एक फोटो होता: ट्रॉलीखाली घुसलेलं बोनेट, वर कापसाचं गाठोडं फाटून काचेवर पसरलेलं, आणि मागच्या फळीवर काहीच नाही, नुसतं लाकूड. "काका, हा तुमाले लागन," म्हणाला, आणि माझ्या फोनवर पाठवून दिला.