नकाशा: डेलावेअर भरलं!

अनघा (सजावट):
मंडळी, अमेरिकेच्या नकाशावर प्रत्येक घराने पाहिलेल्या राज्यांत टाचणी लावायची ठरलंय ना, तर आलेल्या याद्यांप्रमाणे काल रात्री टाचण्या लावून पाहिल्या. सहा फुटी बोर्डावरसुद्धा डेलावेअर माझ्या करंगळीएवढं, आणि तिथे एकोणीस घरं! दोन टाचण्या मेरीलँडात सरकल्या, एक सरळ समुद्रात. अहो, वॉशिंग्टनला जाताना आय-९५ महामार्गावर टोल भरला म्हणून डेलावेअर पाहिलं का? एका घराने आठवणीच्या चिठ्ठीवर 'सेल्स टॅक्स नाही म्हणून लॅपटॉप घेतला' एवढंच लिहिलंय. तेव्हा नियम असा: किमान एक रात्र मुक्काम केला असेल तरच ते राज्य धरायचं. सुधारित याद्या गुरुवारी रात्रीपर्यंत. शनिवारी हॉल आठलाच उघडतोय, मागच्या वेळची पळापळ विसरला नसालच.

सुहास:
अनघा, नियम करण्याआधी विचारायचं तरी. यात आमचं फोर कॉर्नर्स गेलं ना! १९९८ ला आई-बाबा साताऱ्याहून आले होते. ॲरिझोना, यूटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको एका ठिपक्याला भेटतात. दोन हात, दोन पाय, चार राज्यं. बाबा एकाहत्तर वर्षांचे. धोतर वर खोचलं, चष्मा आईकडे दिला आणि झाले ओणवे. नेमका तेव्हाच माझ्या कॅमेऱ्यातला रोल संपला. मागे ही रांग, मी नवा रोल भरतोय, आणि बाबा तसेच, खाली मान घालून दर अर्ध्या मिनिटाने "झालं का रे?" शेवटी रांगेतल्या एका बाईंनी त्यांच्यावर छत्री धरली. फोटोत बाबांपेक्षा छत्रीच जास्त आलीय. मुक्काम कॉर्टेझला होता, म्हणजे तुझ्या हिशेबाने फक्त कोलोरॅडो. बाकी तीन राज्यांत बाबा काय करत होते?

मिलिंद:
फक्त माहितीसाठी. तो ठिपका मुळात ठरलेल्या जागी नाहीच. १८७५ च्या मोजणीत सुमारे १,८०० फूट पूर्वेला पडलाय. त्यामुळे चार राज्यं म्हणणं जरा...

सुहास:
मिलिंद, बाबा भूमापन खात्यातून निवृत्त झाले. तेच सांगायचे, हद्दीचा दगड एकदा सगळ्यांनी मानला की मग तोच खरा, कागद काहीही म्हणो. इथल्या सुप्रीम कोर्टानेही १९२५ साली न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोच्या भांडणात जुनी मोजणीच धरली. विषय संपला.

प्रकाश (खजिनदार):
बोर्ड भिंतीला टेकवून ठेवायचा. ठोकायचा नाही, चिकटवायचा नाही. संक्रांतीला टेपबरोबर रंग निघाला आणि डिपॉझिटमधून पैसे कापले गेले, ते मी भरलेत. टाचण्यांची पावती अजून मिळालेली नाही.

नंदाकाकू:
सुहास, त्या भागाचं नाव काढलंस आणि माझी जखम उघडली बघ. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, पण नावाहो नेशनमध्ये, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या स्वायत्त भागात, करतात, आणि मॉन्युमेंट व्हॅली त्यातच. हे आम्हाला कुठं ठाऊक! ग्रँड कॅन्यनहून पहाटे तीनला उठून, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन मॉन्युमेंट व्हॅलीला निघालो. नऊची जीप. आमच्या गाडीतल्या घड्याळात पावणेनऊ, मी ह्यांना म्हटलं, बघा, पंधरा मिनिटं हातात आहेत. तिथल्या भिंतीवर पावणेदहा! जीप तर गेलीच, पैसेही परत नाहीत. मग लाल धुळीत गाडीच्या बॉनेटवर पुऱ्या खाल्ल्या. समोर ते दोन मिटन्स सुळके हातमोज्यांसारखे उभे. तेवढं मात्र फुकट पाहिलं.
अनघा, डेन्व्हरच्या विमानतळावर बर्फामुळे अख्खी रात्र खुर्चीत काढली, ती मुक्कामात धरायची ना?

वैशाली:
मुक्कामाचा नियम चालणार नाही गं. यलोस्टोन नॅशनल पार्कला गेलो तेव्हा आम्ही वेस्ट यलोस्टोन गावात राहिलो, ते माँटानात. ओल्ड फेथफुल, तो रंगीत झरा, रस्ता अडवून बसलेला गवा, सगळं वायोमिंगमध्ये. पार्कचा ९६ टक्के भाग तिथेच आहे. गव्यापायी दीड तास गाडीत बसून होतो, धाकट्याला शू लागलेली, खाली उतरायची सोय नाही. आणि टाचणी माँटानाला? तिथे आम्ही फक्त झोपलो.

मिलिंद:
नंदाकाकू, झोप लागली होती का? खुर्चीत जागून काढलेली रात्र मुक्काम कशी?

नंदाकाकू:
मिलिंद, तू चहाच्या टेबलावर भेट मला.

अनघा (सजावट):
बरं बाई, नियम मागे घेते. ज्या राज्याबद्दल तीन ओळी लिहून द्याल ते तुमचं. टोल आणि विमानतळ बाद. (काकू, तुमची रात्र चालेल, पण मग तीन ओळी हव्यात, तीन पानं नकोत.) वैशाली, गवा वायोमिंगला. सुहासदादा, चार टाचण्यांना एकच दोरा बांधते. फोटोची प्रत आणा, मूळ फोटो नको. डेलावेअरची गर्दी अटलांटिकमध्ये कागदी पट्टी लावून तिथे काढतेय, दोरे ओढून. पावती सोबत जोडली आहे, तीन डब्या. नॉर्थ डाकोटा मात्र अख्खं मोकळं आहे. कोणीच गेलं नाही का?

दत्ताकाका:
मी गेलोय. यादी जुलैतच कागदावर लिहून तुझ्या सासूबाईंकडे दिली होती. तिथलं फार्गो शहर, आमचं पन्नासावं राज्य. सगळे ते राज्य शेवटालाच ठेवतात, म्हणून तिथल्या पर्यटक केंद्रात पन्नासावं राज्य करणाऱ्यांना प्रमाणपत्र आणि टी-शर्ट देतात. माझ्याकडे आहे, एक्स्ट्रा लार्ज, अजून कोरा. टाचणीऐवजी तोच नकाशाच्या वर भिंतीवर लावला तर?

प्रकाश (खजिनदार):
भिंतीवर नाही.